मांडीतलं जास्तीचं हाड

मी पडले गुडघ्यावर आणि दुखणं निघालं मांडीत.

आमच्या बिल्डिंगचा जिना मंगळवारी धुतात. मला हे ठाऊक होतं. तरी मी फॉल लावून झालेल्या सहा साड्यांची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावरून भराभर उतरले. पाय सरकला तेव्हा पिशवी आपोआप वर गेली आणि गुडघा खाली आपटला. साड्या कोरड्या राहिल्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बारशाला नेसायची होती, म्हणून आधी साड्या पोचवल्या आणि मग लंगडत घरी आले.

मी मुलुंडला राहते. घरी मशीन आहे, साड्यांना फॉल-पिको करून देते. मी चौथीपर्यंत शिकले, कारण आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंतच होती. बोलायला मला फार लाज वाटते. लिहायला वाटत नाही, कारण लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं. माझी मुलगी अक्षता हिच्या कॉलेजच्या वहीत बरीच पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं असं ठरवलेलं नाही. पण एखाद्या बाईच्या एक्स-रेमध्ये असंच भलतं काही निघालं आणि ती घाबरली, तर तिला हे वाचून दाखवायला हरकत नाही. फक्त माझं नाव सांगू नये.

गुडघा चांगला निघाला

गुडघा सुजला म्हणून हे मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सासूबाई पण आल्या. कुणालाही डॉक्टरकडे न्यायचं झालं की त्या आधी चप्पल घालून दारात उभ्या असतात.

एक्स-रे काढणारी मुलगी अक्षताएवढीच होती. तिने माझी साडी वर घेतली आणि लगेच दुसऱ्या पायावर चादर टाकली. मी काही बोलले नव्हते. तिला आपणहून सुचलं. एवढ्याशा गोष्टीने मला किती बरं वाटलं ते तिला कळलंही नसेल.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.

"गुडघा झकास आहे," ते म्हणाले. मग फिल्म थोडी वर सरकवली. "पण हे काय आहे?"

गुडघ्याच्या चार-पाच बोटं वर, मांडीच्या लांब हाडाला टेकून काहीतरी पांढरं होतं. मला ते आल्याच्या तुकड्यासारखं दिसलं. गाठी गाठी असलेलं, एका बाजूला टोक निघालेलं.

"इथे पूर्वी कधी मार लागला होता? पडलात, अपघात झाला, असं काही?"

माझ्या एका बाजूला हे बसले होते, दुसऱ्या बाजूला सासूबाई.

"नाही," मी म्हटलं.

"लहानपणी? आठवून बघा."

"नाही."

"ती खय पडतली?" सासूबाई म्हणाल्या. "घराभायर पाऊल टाकणा नाय ती."

"अहो आजी, परवाच पडल्या ना त्या."

"ती जिन्यावरून. जिनो घरातच इलो."

डॉक्टर हसले. पण फिल्मकडे पाहिल्यावर त्यांचं हसू गेलं. म्हणाले, हाडाला लागून वाढ दिसते आहे. बहुतेक साधीच असेल. पण गाठही असू शकते, आणि गाठ असेल तर कसली ते बघावं लागेल. त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलातल्या बाई डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

चांगली वाक्यं त्यांनी तीन-चार सांगितली असतील. मी घरी घेऊन आले तो एकच शब्द, गाठ.  रिक्षात हे प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला म्हणत होते, "भाई, आराम से. पेशंट है." तोपर्यंत मी पेशंट नव्हते.

मी खोटं बोलले होते

आता जे सासरी कुणालाच माहीत नव्हतं ते लिहिते.

मी पडले होते. अठरा वर्षांची असताना गावी काजूच्या झाडावरून. झाडावर चढायला मला फार आवडायचं. बोलायला लागत नाही, खाली कोण आलं ते आधी आपल्याला दिसतं. त्या दिवशी फांदी मोडली आणि मी खाली दगडी गडग्यावर, कुंपणाच्या भिंतीवर, आदळले. मांडी काळीनिळी पडली आणि भोपळ्यासारखी सुजली. डॉक्टर लांब होते. आईने वाडीतल्या चोळणाऱ्या बाईला बोलावलं. ती उंडीचं तेल कढत करून रोज सकाळी माझी मांडी रगडायची. मी तोंडात पदर कोंबून पडून राहायचे. पंधरा-वीस दिवस हे चाललं.

आणि त्याच सुमाराला मुंबईहून बघायला येणारं स्थळ ठरलं. आईची झोप उडाली. लग्नाची पोरगी झाडावर चढते हे एक, आणि पायाने अधू झाली हे दुसरं. यातलं एक जरी बाहेर गेलं तरी स्थळ परत गेलं असतं. आईने माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला. "माझ्या गळ्याची शपथ. मेलंस तरी कोणाक सांगू नको."

गळ्याची शपथ मोडली तर जिच्या गळ्याची घेतली ती मरते, असं आमच्याकडे मानतात. शिकलेले लोक हसतील. मीही दुसऱ्या कुणाच्या शपथेला हसले असते. पण ही माझ्या आईच्या गळ्याची होती, आणि तो गळा मी माझ्या हाताने धरला होता.

लग्न झालं. पाय हळूहळू बरा झाला. आत खोलवर काहीतरी कडक राहिलं होतं. बाहेरून दिसायचं नाही, दाबलं तर कळायचं. दिवसभर मशीन चालवलं की कधी दुखायचं. मी कधी कुणाला बोलले नाही. सत्तावीस वर्षं झाली. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, ब्लडप्रेशरची गोळी घेते, गावी भावाकडे असते.

म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हटलं.

हळकुंड

मोठ्या हॉस्पिटलातल्या बाई डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी मांडी दाबून पाहिली. दुखतं का, रात्री दुखतं का, वजन उतरलं का, सगळं विचारलं. मग तोच प्रश्न आला.

"कधी मार? कुणी जोरात मालीश केलं होतं का इथे?"

मालीश हा शब्द त्यांनी आपणहून काढला. एवढं नेमकं विचारलं होतं. सासूबाई शेजारीच होत्या.

"नाही," मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी एमआरआय करायला सांगितलं. त्या मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं उतरवायचं होतं. जोडवी काही निघेनात. सासूबाई मोरीत पाटावर बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला आणि साबण लावून जोडवी फिरवू लागल्या.

"आई, माझा पाय कशाला..."

"गप बस. पाय तुझो, जोडवी माझ्या झिलाच्या नावाची."

झील म्हणजे मुलगा. जोडवी निघाली. मग त्यांनी दोऱ्याला हळद लावली, त्यात हळकुंड बांधलं आणि माझ्या गळ्यात घातलं. सगळ्या तपासण्या होईपर्यंत म्हणून मंगळसूत्र स्वतःच्या पदराच्या गाठीत ठेवलं. "गळो मोकळो ठेवूचो नाय," एवढंच म्हणाल्या.  

मशीनची मला भीती नाही वाटली. आत गेल्यावर जो खडखडाट सुरू झाला तो अगदी माझ्या जुन्या पिको मशीनसारखा होता, सुई तुटायच्या आधी व्हायचा तसा. मी मनात म्हणत होते, आता तुटणार, आता तुटणार. अर्धा तास गेला.

घरी अक्षता मोबाईलवर शोधत बसायची आणि मी खोलीत आले की मोबाईल उलटा ठेवायची. हे कामावरून येताना रोज काहीतरी खायला आणायचे. सुरळीच्या वड्या, चिकू, एकदा तर नुसती द्राक्षं दोन किलो. मला खाववत नव्हतं. घरात सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले होते, आणि आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

रिपोर्ट आला. बाई डॉक्टर म्हणाल्या, यावरून नक्की सांगता येत नाही. हे धोक्याचं नसलेलं हाड असू शकतं किंवा हाडाची वाईट गाठही असू शकते. दोन्ही फोटोत कधीकधी सारखीच दिसतात. मार लागल्याचा काही इतिहास असता तर वेगळा विचार केला असता. तो नाही, तेव्हा सुईने तुकडा काढून तपासायला पाठवू. येत्या गुरुवारी.

"मार लागल्याचा इतिहास असता तर." हे वाक्य मी घरी घेऊन आले. या वेळी गाठ हा शब्द मागे राहिला.

गच्चीवरून फोन

माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. सांगितलं तर आई जाणार. नाही सांगितलं तर विनाकारण पाय टोचून घ्यायचा, घरादाराचा जीव टांगणीला लावायचा आणि डॉक्टरांना खोट्यावरून निदान करायला लावायचं. शुक्रवार, शनिवार, रविवार मी हाच विचार करत फॉल लावले. दोन साड्यांना उलटे लागले, ते उसवावे लागले.

सोमवारी दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीत गेले आणि तिथूनच आईला फोन केला. ज्याने शपथ घातली त्याने ती सोडवली तर पाप लागत नाही, एवढं मला माहीत होतं. हे विचारायला इतकी वर्षं का लागली ते मला विचारू नका.

"आये, एक मागूचा होता."

"पैसे?"

"नाय गो. मी काजीवरसून पडलेलंय, तेव्हा तू माका गळ्याची शपथ घातलेलंस. ती सोडव."

"कसली शपथ?"

"कोणाक सांगू नको म्हणान."

पलीकडे आईने कोंबड्यांना हाकललं. मग आई म्हणाली, "माका आठवणा नाय. मी रोज कोणाक ना कोणाक शपथ घालतंय. काल तुझ्या भावाक घातलंय, फणसार चढू नको म्हणान. तो चढलो. मी जिवंतच आसंय."

मी दोरीवरचा टॉवेल धरून उभी राहिले. हसावं की रडावं ते कळेना.

"तू म्हणालंस मेलंस तरी सांगू नको."

"गो बाये, ता लग्न जमापर्यंत. लग्न झाल्यार कोण पोरीक परत धाडता? तू अजून सांगूक नाय?"

"नाय."

"घोवाक पण?" घोव म्हणजे नवरा.

"नाय."

"काय तरी बाय तू," आई म्हणाली. मग तिच्या आवाजात काळजी आली. "पण आत्ता कित्याक सोडवतंस?"

मी एक्स-रेचं सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या चोळणाऱ्या बायेक मीच बोलावलंय. तू वरडत होतंस आणि मी तुझे पाय धरून ठेवलंय." नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम मोठ्याने, भावाच्या घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "सुटली, सुटली, सुटली. झाला? आता जा आणि त्या डॉक्टरणीक सगळा सांग. एक अक्षर ठेवू नको."

उभ्याने सांगितलं

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंनी सहीसाठी कागद पुढे केला. मी सही केली नाही, उभी राहिले. शाळेत धडा म्हणायला उभं करायचे तशी.

"बसा ना," डॉक्टर म्हणाल्या.

"नाही. उभ्यानेच सांगते. बसले तर राहून जाईल."

मग सगळं सांगितलं. काजूचं झाड, गडगा, सूज, उंडीचं तेल, किती दिवस चोळलं, कुठे चोळलं. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत सांगितलं. मी आयुष्यात एका दमात इतकं बोलले नसेन.

आधी डॉक्टर रागावल्या. "मी विचारलं होतं ना तुम्हाला?" मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि स्वतःच पुढे सरकून बसल्या. त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. जोरात मार लागला की स्नायूत रक्त साकळतं. त्याला स्वस्थ राहू द्यायचं असतं. ते ताजं असताना रगडलं तर शरीराचा गोंधळ होतो आणि मांसात कधीकधी हाड तयार होतं. ते हाडच असतं, फक्त चुकीच्या जागी. वाईट गाठीशी त्याचं दिसणं मिळतंजुळतं असतं, म्हणून माहिती फार महत्त्वाची.

"पण नुसत्या गोष्टीवर मी विश्वास ठेवणार नाही हं," त्या म्हणाल्या. "सीटी स्कॅन करू. त्यात कडेची साल पक्की दिसली आणि मांडीच्या हाडापासून सुटं दिसलं, तर तुकडा काढायचा नाही."

 मला वाटलं हे रागावले. ते म्हणाले, "तू झाडावर चढायचीस?"

"हो."

"कुठपर्यंत?"

"शेंड्यापर्यंत."

डॉक्टर हसायला लागल्या. सासूबाई मात्र माझ्या पायाकडेच बघत होत्या. "म्हणान आमी बघूक इलंव तेव्हा, चलान दाखव म्हटल्यार तू पाय घाशीत चललंस," त्या म्हणाल्या. "मी घराक जाऊन सांगलंय, पोर इतकी लाजरी, पाऊल पण उचलणा नाय. हीच करूची." मग डॉक्टरांकडे वळून, "मी लंगडेपणार पसंत केलंय हिका. कोणाक सांगू नको."

सीटी दुसऱ्या दिवशी झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. माझ्या आल्याच्या तुकड्याला बाहेरून पक्की पांढरी साल होती, आत मऊ होतं, आणि ते आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ होती. "ही रेघ मला हवी होती," त्या म्हणाल्या. जुनं, पिकलेलं, निरुपद्रवी हाड. काही करायचं नाही. चोळायचं नाही. सहा महिन्यांनी एक एक्स-रे, वाढलं नाही ना बघायला.

घरी आल्यावर सासूबाईंनी पदराची गाठ सोडून मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. इतके दिवस त्यांनी ते कपाटात ठेवलंच नव्हतं. हळकुंड त्यांनी माझ्यासमोर दुधात उगाळलं आणि प्यायला लावलं. फार कडू लागलं.

दोन दिवसांचा अबोला

सगळं गोड झालं असं लिहिलं तर खोटं होईल. हॉस्पिटलात एवढं गमतीने विचारणारे हे घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "झाडाचं काही नाही गं. पण मला सांगायला काय झालं होतं?"

"शपथ होती."

"मग आईला फोन करायला सत्तावीस वर्षं लागली? आम्ही इकडे पंधरा दिवस मेल्यासारखे झालो होतो."

  मी एवढंच म्हटलं की चुकलं. त्यांनी कप विसळून ठेवला, जो ते कधी विसळत नाहीत, आणि कामाला गेले. संध्याकाळी काजूची पाकिटं घेऊन आले. "शेंड्यावरचे नाहीत, दुकानातले आहेत," म्हणाले. तेव्हा मिटलं.

सहा महिन्यांनी

एक्स-रे तसाच निघाला. आल्याचा तुकडा होता तिथे होता, तेवढाच होता. डॉक्टरबाईंनी फिल्म माझ्या हातात दिली. आता ती मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांखाली आहे. मांडी कधी दुखते, तेव्हा मी दुसऱ्या पायाने मशीन चालवते.

ज्या बाईसाठी हे लिहिते आहे तिला एकच सांगणं आहे. एक्स-रेमधलं प्रत्येक पांढरं म्हणजे काळ नव्हे. पण ते काय आहे हे डॉक्टरांना फोटोतून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं आपल्याकडे असतं. ते आपण दाबून बसलो तर ते बिचारे सुया काढतात. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर घरच्यांना बाहेर बसवा. तेही जमत नसेल तर कागदावर लिहून द्या. मला हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या गालाच्या आत खरखरायला लागलं. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. नाही नाही म्हणत होत्या, शेवटी मीच त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. या वेळी दारात आधी चप्पल घालून मी उभी होते. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. एक पांढरट डाग होता. ते म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण कशामुळे आहे ते कळायला हवं.

"आजी, तंबाखू, मिश्री काही लावता का?"

"नाय बाबा," सासूबाई म्हणाल्या. पदर सावरून, अगदी शांतपणे.

डॉक्टर कागदावर तसं लिहायला लागले. मी तोंड उघडलं तेव्हा माझा आवाज मलाच नवीन वाटला.

"लावतात," मी म्हटलं. "सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा आणि संध्याकाळी सीरियलच्या आधी. तीन वेळा."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. मी बसून राहिले. डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"दोनदाच," सासूबाई म्हणाल्या.

मी तीन बोटं वर धरली.  

"बरा," त्या म्हणाल्या. "तीन."

डॉक्टरांनी तीन लिहिलं.